प्रेसखालचा कोहळा

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात पॉवर प्रेसखाली चेचला गेला, तेव्हा समोरच्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक, यंत्रात कुणाचा हात नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर भेटणारा प्रत्येक शहाणा पहिल्यांदा तेच विचारायचा, "पण दिवा कोणता होता हो?" जणू माझा भाऊ म्हणजे स्वारगेटच्या चौकात लाल सिग्नल तोडणारा कुणी दुचाकीवाला. अशा प्रत्येकाचं नाक फोडावंसं मला वाटलं आहे आणि अजूनही वाटतं.

आम्ही यवतमाळकडचे. दादा आधी पुण्यात आला, दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबला आणि मग सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, पत्र्याची एक शेड घेऊन त्यात स्वतःचा प्रेस बसवला. पत्र्याचे वायसर, बिजागऱ्या, पट्ट्या, मिळेल ते काम. मी त्याच्या मागोमाग आले, शिकले, आणि एका ऑफिसात प्रोग्राम लिहायला लागले. राहते खडकीला. रविवारी शेडवर जाते, वहिनीच्या हातचं खाते आणि दादाशी भांडते. आमच्या घरात प्रेम दाखवायची दुसरी पद्धत कुणाला येत नाही.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वर एक जड लोखंडी पंच, खाली त्याच्या मापाचा डाय. डायवर पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाखालचं पेडल दाबायचं. धाडकन पंच खाली येतो आणि पत्र्याचा तुकडा कापून निघतो. हात पुढे घालताना अंगाचा भार पुढे जातो आणि पाय आपसूक पेडलवर पडतो. पाय वैरी नसतो, पण काम वैऱ्याचं करतो. त्या रस्त्याला शेडवाल्यांत धड दहा बोटांची माणसं शोधावी लागतात.

म्हणून दादाने सेन्सरचा पडदा बसवला. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यांच्यामधून न दिसणारे किरण. हाताने किरण अडवले की छोट्या संगणकाला कळतं आणि तो पेडलचा संबंध तोडून टाकतो, मग पाय कितीही आपटा. विकायला आलेला मुलगा चटपटीत होता. संगणकावर जो प्रोग्राम चालणार होता तो एका तयार प्लॅटफॉर्मवर उभा केलेला होता, म्हणजे असे प्रोग्राम ज्याच्यावर लिहितात आणि चालवतात त्या पायावर. "तो आपण फ्री देतोय सर, फ्री एडिशन आहे."

मी तिथेच होते. मी विचारलं, कोणत्या परवान्याखाली फ्री? आत काय आहे ते उघडून बघता येतं का? आपल्याला बदलता येतं का? तो हसला. "मॅडम, यू आर फ्रॉम आयटी ना? बेसिकली फ्री म्हणजे फ्री."

"जे उघडता येत नाही ते फक्त फुकट असतं," मी म्हणाले. "आपलं नसतं."

दादा माझ्यावरच उखडला. "तो फुकट देऊन राह्यला, तुले काय तरास? तुह्या हाफिसातलं तुह्या हाफिसात ठेव!" आणि त्या मुलासाठी त्याने चहा मागवला. मी ताट ढकलून उठले आणि बस पकडून खडकीला आले. त्या दिवशी वहिनीने वांग्याची भाजी केली होती, ती तशीच राहिली.

आता दादाच्या शेडची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला सगळेच यंत्रं पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. दादा त्याच्याही पुढे जायचा. यंत्र बंद करण्याआधीचा शेवटचा ठोका तो कोहळ्यावर मारायचा. डायवर कोहळा ठेवायचा, त्यावर कुंकू, अक्षता, आणि पेडल. कोहळा फुटून गर चहूकडे उडायचा. "याले जे खायचं ते आज खाऊ दे," तो म्हणायचा, "मंग वर्षभर कोणाचं मागनार नाही." मग मेन स्विच बंद. यंत्राने त्याचा आहार घेतला, आता त्याला शिवायचं नाही, म्हणून डायमधला गर आणि बियाही तशाच राहू द्यायच्या. दसरा होऊन शेड पुन्हा उघडेल त्या सकाळी सगळ्यात आधी त्या वाळलेल्या बिया हाताने काढायच्या. ही रीत त्याच्याशिवाय कुणाचीच नसावी.

त्या वर्षी दसऱ्यानंतर रविवार जोडून आला, म्हणून मीही सकाळीच गेले होते. दादाने मेन स्विच लावला. मोटर घुमली, संगणक उठला, हिरवा दिवा लागला. वहिनी दारात रांगोळी काढत होती. दादा स्टुलावर बसला, "बिया काढून घेतो" म्हणाला आणि हात आत घातला. अंग पुढे गेलं. पाय पेडलवर पडला.

आवाज नेहमीचाच झाला, धाडकन. किंचाळी नंतर आली, आणि ती आधी वहिनीची होती. दादा आपल्या मनगटाकडे बघत होता. पंच वर गेला तेव्हा डायमध्ये बियांच्या जागी काय होतं ते मी पाहिलं आहे. त्यावर अक्षतांचे दाणे चिकटलेले होते. स्क्रीनवर दिवा हिरवाच.

मी ओढणी फाडून त्याच्या मनगटाला आवळली. वहिनीने बोटं गोळा केली. गोळा केली हेच खरं, उचलली म्हणण्यासारखं त्यांत काही राहिलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या रसवंतीतून तिने बर्फ आणला, पिशवीत भरला आणि त्यातच ती टाकली. टेम्पोत दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी ड्रायव्हरला आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या देत होते. त्या बिचाऱ्याने त्या निमूट ऐकल्या आणि हडपसरची गर्दी चिरत गाडी काढली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी पिशवी उघडून पाहिली. "अहो, बर्फात थेट घातलीत? रसात टाकायची होती का?" मग माझा चेहरा पाहून आवाज जरा खाली आणला. "तसाही उपयोग नव्हता. कापलेलं जोडता येतं, चेचलेलं नाही." अंगठा आणि करंगळी राहिली. मधलं सगळं गेलं.

दोन दिवसांनी मी शेडवर जाऊन तो संगणक तपासला. आतलं काही दिसत नव्हतं, पण नोंदी दिसत होत्या. फ्री एडिशनला मुदत होती. ती मुदत त्याने अधूनमधून इंटरनेटवरून मूळ कंपनीला विचारून वाढवून घ्यायची. आमची शेड सणाला बंद, संगणक बंद, आणि त्या मधल्या दिवसांत मुदत संपली. सुरू झाल्यावर त्याला ते कळलं. पण तो ओरडला नाही, बंदही पडला नाही. त्याने फक्त पडद्याच्या तारांतून येणारा इशारा वाचणं थांबवलं आणि बंद होण्यापूर्वीची शेवटची स्थिती तशीच धरून ठेवली. शेवटची स्थिती होती हिरवी. आत हत्ती घातला असता तरी दिवा हिरवाच राहिला असता.

विकणाऱ्या मुलाला मी बोलावून घेतलं. आला, हे त्याचं धाडस. तो मोबाईलवर परवान्याच्या अटी उघडूनच आला होता. "मॅडम, मला खूप वाईट वाटतंय, बट टर्म्समध्ये क्लिअरली मेन्शन्ड आहे. जिथे माणसाला इजा होऊ शकते तिथे फ्री एडिशन वापरायची नाही. आणि आतलं ओपन करून बघायचं नाही, सो आपण काही..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या हातावर फटका मारला, फोन उडून तेलाच्या बादलीत पडला. मग मी त्याची कॉलर धरली आणि त्याला प्रेसपर्यंत फरफटत नेलं. "वाच," म्हटलं. "इथे डायजवळ तोंड घालून मोठ्यांदा वाच." तो रडायला लागला. वहिनी मध्ये पडली. "सोडा त्याला वन्सं, त्याच्या हातात काय हाय? तो बी पोटासाठीच करतोय." तिने बादलीतून फोन काढला, चिंधीने पुसून त्याच्या खिशात ठेवला आणि त्याला वाटेला लावलं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

हॉस्पिटलातून सुटल्यावर दादाने शेडवर येऊन पहिलं काम ते केलं, जे करायला मी धजावले नव्हते. डाव्या हातात हातोडा घेतला आणि ती स्क्रीन फोडली. मग संगणक. मग फुटलेलं पुन्हा फोडलं. डाव्या हाताला सवय नव्हती, निम्मे घाव टेबलावर पडत होते. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. कुणी अडवलं नाही.

शस्त्रक्रिया, ड्रेसिंग, पुन्हा शस्त्रक्रिया, असा हिवाळा आणि उन्हाळा गेला. पावसाळ्यात एका रविवारी मी शेडवर पोहोचले तर दादा कटरने पडद्याच्या वायरी तोडत होता. खांब उपटून कोपऱ्यात फेकलेले. प्रेसची मोटर चालू. तो स्टुलावर बसला आणि डाव्या हाताने डायवर पत्रा सरकवायला लागला. न सरावलेला हात, पायाखाली पेडल, मधे काही नाही.

"दादा, ऊठ."

"मले शिकवू नको. दहा वर्षं पडद्याबिगर बसलो, काही झालं नाही. तुह्या त्या कंप्युटरनं हात खाल्ला माह्या."

"माझ्या?" मी म्हणाले. "मी सांगितलं होतं तुला. त्याच दिवशी सांगितलं होतं."

हे वाक्य मी इतके महिने दाताखाली धरून ठेवलं होतं. ते सुटलं आणि दादाने हातातला पत्रा माझ्या अंगावर फेकला. तो भिंतीला लागून वाकला. मी मेन स्विच ओढला आणि फ्लायव्हीलचं जड चाक पूर्ण थांबेपर्यंत स्विचसमोर पाठ लावून उभी राहिले. मग टेबलावरचा सुरा घेऊन मोटरवरून ते चाक फिरवणारा पट्टा कापायला बसले. जाड रबरी पट्टा, सहज कापला जात नाही. दादाने मागून माझी वेणी धरून मला ओढलं. मी ओढली गेले, पण सुरा सोडला नाही आणि पट्टाही सोडला नाही. शेवटी पट्टा तुटला आणि आम्ही दोघं एकमेकांवर पडलो. माझ्या तळहाताला सुरा लागला होता. दादा त्या रक्ताकडे बघून एकदम लहान पोरासारखा रडायला लागला.

तिथेच, जमिनीवर बसून, आमचा करार झाला. खंडेनवमीपर्यंत तो प्रेसला हात लावणार नाही, दुसऱ्या यंत्रांवर भागवेल. तोवर मी पडदा पुन्हा उभा करायचा, अशा पायावर की ज्याच्यात कुणाची मुदत, कुणाचं कुलूप नसेल. नाही जमलं तर तो नवा पट्टा चढवणार आणि उघड्या प्रेसवर बसणार. "मंग तू मधात यायचं नाही," तो म्हणाला. म्हणजे डाव्या हाताची जबाबदारी माझ्यावर आली.

मला वाटलं होतं, आपल्या धंद्यातलं काम, यात काय अवघड. पण शोधायला बसले आणि अंगाची लाही लाही झाली. एक प्लॅटफॉर्म स्वतःला मुक्त म्हणवत होता, पण तारा वाचणारा त्याचा भाग बंद पेटीत. म्हणजे नेमकी जी जागा उघडून बघायची तीच कुलूपबंद. दुसऱ्याचा कोड वाचता येत होता, पण बदलायचा नाही आणि धंद्यात वापरायचा नाही. तिसरा काल-परवापर्यंत खरोखर मुक्त होता, लोकांनी त्याच्यावर कामं उभी केली आणि मग मालकांनी परवाना बदलून टाकला. असं काही वाचलं की मी ऑफिसात टेबलावर मूठ आपटायची. शेजारचे माझ्याकडे बघायचे आणि हेडफोन घालायचे.

शेवटी जो निवडला तो दिसायला ओबडधोबड होता. परवाना मात्र सरळ. कशासाठीही वापरा. वाचा. बदला. दुसऱ्याला द्या, आणि त्यालाही वाचायचा, बदलायचा हक्क तसाच राहू द्या. नुकसानीची जबाबदारी आमची नाही, हेही तिथे लिहिलं होतं. ते वाचून मी हसले. म्हणजे जबाबदारी कुणीच घेत नाही. फरक एवढाच की इथे ती मला घेऊ देत होते.

दादाला हे मी समजावून सांगितलं. तो करंगळीने कान खाजवत ऐकत होता. "बंद पडलं तं?" त्याने विचारलं.

"बंद पाडणारा आत कुणी बसलेला नाही."

"तू पाह्यलं का आत?"

हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तेव्हा "नाही" असं होतं. म्हणून मी वाचायला बसले. ऑफिस सुटलं की वाचायची, सुट्टीच्या दिवशी दिवसभर वाचायची. सगळा प्लॅटफॉर्म वाचणं एका माणसाचं काम नाही, पण पडद्याच्या तारेपासून पेडलपर्यंतची वाट मी ओळीओळीने वाचली. आणि त्या वाटेवर, पार मध्यावर, मला ती ओळ सापडली. तारेकडून काही ऐकू आलं नाही, तर शेवटची स्थिती धरून ठेवा.

तीच. शब्द वेगळे, पण करणी तीच. मी खुर्चीवरून उठले आणि ती ओळ उभ्यानेच पुन्हा मोठ्यांदा वाचली. ज्या यंत्राने दादाचा हात खाल्ला त्याच्या पोटातही अशीच एक ओळ असणार, पण ती मला कुणी दाखवली नसती. कुणी मुद्दाम लिहिलेली नव्हती ती. पाण्याच्या टाकीवर किंवा पंख्यावर ती शहाणपणाचीच ठरते. प्रेसवर ती खून करते.

मी ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं, ऐकू आलं नाही तर थांब. एवढंच. शिवाय पेडलच्या वाटेत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकला, ज्याला संगणकाने क्षणाक्षणाला "ठीक आहे" असं सांगत राहायचं. सांगणं थांबलं की पेडल मेलं. हा बदल मी त्या प्लॅटफॉर्मच्या लोकांनाही पाठवला. तिकडून कुणीतरी तिरकस उत्तर दिलं की बाकीच्यांना याची गरज नाही. मी त्याच्याशी आठवडाभर कचाकचा भांडले. मग लक्षात आलं, मला त्याची परवानगी लागतच नाही. माझ्या शेडसाठी माझा बदल माझ्याकडे राहू शकत होता, आणि राहिला.

खंडेनवमी आली. नवा पट्टा चढला होता, खांब उभे होते, नवा संगणक आणि नवी स्क्रीन बसली होती, प्रेसला झेंडूचा हार होता. वहिनीने कोहळा आणला आणि त्याला कुंकू लावलं. दादाने मोटर सुरू केली. मग कोहळा उचलून डायवर ठेवला आणि उजवा हात, तो अंगठ्याचा आणि करंगळीचा हात, त्याच्यावर तसाच ठेवून उभा राहिला. हात पंचाच्या बरोबर खाली. स्क्रीन लाल झाली.

"दाब," तो मला म्हणाला.

"दादा, हात काढ."

"याच्यात आता जाण्यासारखं राह्यलं काय? तुले भरोसा असंन तं दाब. नसंन तं सांग, हे खांब आताच उपटतो."

वहिनीने हातातलं तबक खाली ठेवलं, एवढंच मला दिसलं. मी पेडलजवळ गेले. पायातली चप्पल काढली. मला त्या क्षणी माझ्या भावाचा इतका राग आला की तो राग नसता तर माझा पाय उचललाच गेला नसता. मी त्याच्या डोळ्यांत बघत पेडल दाबलं. पूर्ण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा आपटलं.

काही झालं नाही. मोटर नुसती घुमत राहिली.

दादाने हात सावकाश बाहेर घेतला. स्क्रीन हिरवी झाली. "आता दाब," तो म्हणाला. मी दाबलं आणि धाडकन पंच खाली आला. कोहळा फुटला. गर माझ्या तोंडावर, दादाच्या शर्टावर, हारावर उडाला. तोच पाय, तेच पेडल.

मी पुढे झाले आणि दादाच्या थोबाडीत मारली. थोरल्या भावावर हात उचलायची आमच्यात रीत नाही, वहिनीने तोंडाला पदर लावला. दादाने गाल चोळला.

मग तो मेन स्विचकडे निघाला. मी म्हटलं, थांब, मोटर चालूच राहू दे. या वर्षी बिया वाळू द्यायच्या नाहीत. मी पदर खोचला आणि डायमध्ये हात घातला. गर बुळबुळीत होता, बिया बोटांतून निसटत होत्या. स्क्रीन लाल होती. मागे खटखट असा आवाज येत होता म्हणून मी वळून पाहिलं. दादा स्टुलाजवळ उभा होता आणि अंगाचा सगळा भार टाकून पेडल दाबत होता, पुन्हा पुन्हा, डोळे माझ्या हातावर लावून. मी त्याला थांब म्हणाले नाही. मी बिया वेचत राहिले.